फिनिक्सची धूळ आणि इंदूरचा एक्स-रे

प्रश्न थोडक्यात असा: "आम्ही इंदूरला सुदामा नगरात राहतो. मी ६७ वर्षांचा, सौ. ६३. लेक-जावई चार वर्षांपासून अ‍ॅरिझोनात, फिनिक्सजवळ चँडलरला आहेत. लेकीचं पहिलं बाळंतपण नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आहे. सप्टेंबरअखेर जाऊन मार्चमध्ये परतायचं ठरलंय. आता एका ओळखीच्यांनी घाबरवून सोडलंय की ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिथल्या मातीतली बुरशी फुप्फुसात जाते आणि 'व्हॅली फीव्हर' होतो. मला १२ वर्षं मधुमेह आहे, तरुणपणी टीबी होऊन गेलाय. सौ.ला संधिवात आहे. मेथोट्रेक्सेट आणि ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन चालू आहे, आणि डॉक्टर आता इंजेक्शनचं म्हणताहेत. तिकिटं पुढे ढकलावी का? की लेकीलाच माहेरी आणावं? शिवाय तिच्या मागच्या अंगणात मेथी-कोथिंबीर लावायचा माझा बेत होता, त्याचं काय?"

काका, तिकिटं बदलू नका, लेकीला भरल्या दिवसांत विमानात बसवू नका, आणि मेथी कुंडीत लावा. घाईत असाल तर एवढं पुरे. पण तुमच्या घरातली तिघं तीन वेगळ्या कारणांनी या आजाराच्या वाटेवर उभी आहेत, म्हणून जरा बैजवार लिहितो.

मी छातीचा डॉक्टर. इथल्या एमवाय रुग्णालयात शिकलो, इंदुरातच २७ वर्षं प्रॅक्टिस आहे. हा आजार मालव्याचा नाही, त्यामुळे मी आजवर मोजून चार रुग्ण पाहिलेत आणि चौघंही मुलांकडे अमेरिकेला राहून आलेले. त्यातला एक माझ्या हातून जवळजवळ सुटलाच होता. त्यांची गोष्ट पुढे सांगतो, कारण तुमचा खरा धोका मला ऑक्टोबर महिन्यापेक्षा त्या गोष्टीत जास्त दिसतो.

आधी ही बुरशी काय आहे ते. नाव कॉक्सिडिऑइड्स. हिच्या दोन जाती: एक मुख्यतः कॅलिफोर्नियातली, दुसरी अ‍ॅरिझोना, टेक्सस, मेक्सिकोपासून थेट दक्षिण अमेरिकेपर्यंत पसरलेली. रेताड, क्षारयुक्त, कमी पावसाच्या वाळवंटी जमिनीत ती वरच्या थरात राहते, तीही सगळीकडे सारखी नाही. इथे आहे, चार पावलांवर नाही. जमीन ओली असते तेव्हा ती बारीक धाग्यांसारखी वाढते. जमीन सुकली की धागे ठिसूळ होतात आणि त्यांचे तुकडे पडतात. एक तुकडा २ ते ५ मायक्रॉनचा, म्हणजे नाकातल्या केसांना आणि घशातल्या चिकटपणाला चुकवून थेट फुप्फुसाच्या तळाशी पोचेल इतका बारीक. तिथे गेल्यावर ती रूपच बदलते. धाग्याऐवजी जाड सालीचा गोल दाणा होतो, त्यात शेकडो बीजं भरतात आणि डाळिंब तडकावं तसा तो फुटतो. हे शरीरातलं रूप खोकल्यातून दुसऱ्याला लागत नाही. म्हणून घरात एकाला झालं तरी दुसऱ्याने ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही. टीबीच्या सवयीने आपण ती लगेच करतो, म्हणून आधीच सांगितलं.

अमेरिकेत वर्षाला साधारण २० हजार रुग्णांची नोंद होते. त्यातले सुमारे दोन-तृतीयांश एकट्या अ‍ॅरिझोनातले, आणि अ‍ॅरिझोनात म्हणाल तर फिनिक्स ते टूसॉन हा पट्टा. म्हणजे तुमची लेक बरोबर मध्यात राहते. आकडा ऐकून दचकू नका. ज्यांच्या फुप्फुसात ही बुरशी जाते त्यातल्या १०० पैकी ६० जणांना काही कळतही नाही. उरलेल्यांना फ्लूसारखं होतं: ताप, कोरडा खोकला, छातीत दुखणं, रात्री घाम, आणि आठवडे-महिने न जाणारा थकवा. काहींचे सांधे धरतात, नडग्यांवर लाल दुखऱ्या गाठी येतात. याला तिकडचे जुने लोक वाळवंटी संधिवात म्हणत. बहुतेक जण औषधाशिवाय बरे होतात आणि एकदा बरं झालं की सहसा आयुष्यभर पुन्हा होत नाही. १०० पैकी ५ ते १० जणांच्या फुप्फुसात गाठ, पोकळी किंवा जुनाट दुखणं मागे राहतं. शंभरातल्या एखाद्याच्या बाबतीत बुरशी फुप्फुसाबाहेर पडते आणि हाडं, त्वचा, मेंदूच्या आवरणापर्यंत जाते. भीती आहे ती या एकाची, आणि तो एक कोण असू शकतो हे बऱ्यापैकी आधी सांगता येतं.

या आजाराचा इतिहासही मजेशीर आहे. १८९२ साली अर्जेंटिनात अलेहांद्रो पोसाडास या वैद्यकीय विद्यार्थ्याने पहिला रुग्ण नोंदवला, एक सैनिक. सूक्ष्मदर्शकाखालचा तो गोल दाणा पाहून सगळ्यांना वाटलं की हा एकपेशीय परजीवी प्राणी आहे, आणि १८९६ साली नावही त्याच समजुतीतून पडलं. जातीचं नाव 'इमिटिस', अर्थ 'सौम्य नसलेला', कारण तोवर पाहिलेले रुग्ण अत्यवस्थ होते. ही बुरशी आहे हे १९०० साली समजलं. मग १९२९ मध्ये स्टॅनफर्डच्या एका विद्यार्थ्याने प्रयोगशाळेत हिची बशी उघडली, धूळ नाकात गेली, आणि तो आजारी पडला. आता हा जात नाही असं गुरुजनांनी धरूनच चाललं होतं. तो खडखडीत बरा झाला! तेव्हा कुठे लक्षात आलं की कॅलिफोर्नियातल्या सान होआकिन खोऱ्यातल्या शेतमजुरांना वर्षानुवर्षं येणारा 'व्हॅलीचा ताप' तो हाच. नाव क्रूर, चाल बहुधा मवाळ.

आता मोसम. तुमच्या ओळखीच्यांचं म्हणणं खोटं नाही, पण अर्धं आहे. शेतीशी संबंध असेल तर तुम्हाला हे पटकन कळेल. आपल्याकडे पाऊस एकदाच, मृगापासून हस्तापर्यंत, मग उघडीप. दक्षिण अ‍ॅरिझोनात पाऊस दोनदा पडतो. एक हिवाळ्यात, डिसेंबर ते मार्च, हलका आणि लांबणारा. दुसरा उन्हाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, गडगडाटी. त्याला ते लोकही मान्सूनच म्हणतात आणि १५ जून ते ३० सप्टेंबर अशा त्याच्या अधिकृत तारखा धरतात. दोन पाऊस, म्हणून दोन उघडिपी: एप्रिल ते जूनची कडक कोरडी, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरची. पावसात बुरशी वाढते, उघडिपीत तुटून उडते. म्हणूनच अ‍ॅरिझोनाच्या आलेखात रुग्णांची दोन शिखरं दिसतात, एक जून-जुलैच्या आसपास आणि दुसरं ऑक्टोबरनंतर वर्षअखेरीपर्यंत. कॅलिफोर्नियाच्या खोऱ्यात पाऊस एकच, हिवाळ्याचा, म्हणून तिथे शिखरही एकच, शरदातलं. तुमचे ओळखीचे कॅलिफोर्नियाबद्दल वाचून आले असतील तर त्यांचा 'ऑक्टोबर-नोव्हेंबर' तिथे अगदी फिट्ट बसतो.

यात एक मेख आहे. आलेख रुग्ण सापडल्याचा असतो, धूळ नाकात गेल्याचा नाही. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला १ ते ३ आठवडे लागतात. मग माणूस चार दिवस काढा पितो, डॉक्टर साधा न्यूमोनिया समजून एक-दोन अँटिबायोटिक देतात, आणि नेमकी तपासणी होईपर्यंत अजून काही आठवडे जातात. डिसेंबरमध्ये नोंदलेल्या रुग्णाने धूळ ऑक्टोबरात घेतलेली असू शकते. त्यामुळे 'अमका महिना टाळा' हे वर्तमानपत्राच्या मथळ्यात शोभतं, तिकिटं काढताना त्याचा फारसा उपयोग नाही.

शिवाय महिन्यापेक्षा वर्ष कसं आहे याला जास्त वजन आहे. दोन-तीन वर्षं दुष्काळ, मग एक भरघोस ओला हिवाळा, आणि मग कोरडा उन्हाळा, असा क्रम लागला की पुढच्या शरदात रुग्ण उसळतात. कॅलिफोर्नियात २०२४ साली १२ हजारांहून जास्त नोंदी झाल्या.

तुमच्यापुरता हिशोब करू. फिनिक्सच्या पट्ट्यात राहणाऱ्या, आधी लागण न झालेल्या माणसाला वर्षभरात लागण होण्याची शक्यता १०० मध्ये ३ च्या आसपास, असा जुना पण अजूनही वापरला जाणारा अंदाज आहे. तुम्ही सहा महिने राहणार, म्हणजे दीडेक टक्का. त्यातल्या निम्म्याहून अधिकांना कळणारही नाही. तुम्ही डिसेंबरात गेलात आणि जूनमध्ये परतलात तर शरद चुकेल, पण एप्रिल-जूनची उघडीप पदरात पडेल. आणि बाळंतपणाला आई नसेल. हा सौदा मी तरी करणार नाही.

वादळांबद्दलही विचाराल. फिनिक्सला मान्सूनमध्ये धुळीची प्रचंड भिंत चालून येते, तिला अरबी शब्द वापरून हबूब म्हणतात. ५ जुलै २०११ चा हबूब जगभर दाखवला गेला. सप्टेंबरअखेर पोचाल तेव्हा हा हंगाम सरत आलेला असेल. धूळ किती लांब जाते याचं जुनं उदाहरण १९७७ च्या डिसेंबरातलं आहे: सान होआकिन खोऱ्याच्या दक्षिण टोकाहून उठलेलं वादळ शेकडो किलोमीटर उत्तरेला सॅक्रामेंटोपर्यंत बुरशी घेऊन गेलं आणि जिथे हा आजार क्वचित दिसे तिथे रुग्ण निघाले. तरी फिनिक्सच्या रोजच्या हबूबचं आणि रुग्णसंख्येचं नातं आपल्याला वाटतं तितकं सरळ निघालेलं नाही. माझा कल जवळून उकरलेल्या मातीला जास्त घाबरण्याकडे आहे. १७ जानेवारी १९९४ ला लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिजचा भूकंप झाला, डोंगर उतारांवरून दरडी कोसळल्या, धुळीचे लोट उठले. त्यानंतरच्या आठवड्यांत शेजारच्या व्हेंच्युरा काउंटीत २०३ रुग्ण सापडले. वर्षानुवर्षं न हललेली जमीन एकदम उघडी पडली, हे त्यामागचं कारण. चँडलरसारख्या ठिकाणी नव्या वसाहतींचं बांधकाम चालू असतं. लेकीच्या घराशेजारी प्लॉटवर जेसीबी फिरत असेल तर संध्याकाळची शतपावली त्या बाजूला नको, एवढं सांभाळा. अनेक वर्षं ओलिताखाली असलेल्या शेतापेक्षा कोरी, न नांगरलेली वाळवंटी जमीन या बुरशीला जास्त मानवते.

आता ती गोष्ट. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

काही वर्षांपूर्वी साठीतले एक गृहस्थ आले. मुलाकडे टूसॉनला पाच महिने राहून आलेले. परतल्यावर दोन आठवड्यांत ताप, खोकला, वजन उतरलेलं. शहरातल्या एका रुग्णालयात एक्स-रे काढला: उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात डाग, मध्ये लहानशी पोकळी. आपल्याकडे असा एक्स-रे दिसला की डॉक्टरच्या हाताला पेन आपोआप सापडतं. थुंकीत जंतू नाहीत, सीबीनॅट ही टीबीची जनुकीय तपासणी निगेटिव्ह, तरी 'क्लिनिकल टीबी' म्हणून एकेटी (टीबीच्या गोळ्यांचा कोर्स) सुरू झाली. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. आपल्या शहरात अशा १०० फोटोंतले ९० हून जास्त टीबीचेच निघावेत. दोन महिने गोळ्या खाऊन काही फरक नाही म्हणून ते माझ्याकडे आले. मी काय केलं? गोळ्या नीट घेतात का विचारलं, साखर पाहिली, औषधाला न दबणारा टीबी असेल म्हणून पुन्हा थुंकी पाठवली. दोन भेटी गेल्या. 'बाहेरगावी कुठे जाऊन आलात?' हे मी विचारलं नाही. फाइलवर 'अमेरिका रिटर्न' लिहिलेलं होतं, पण माझ्या डोक्यात अमेरिका म्हणजे स्वच्छ, निर्जंतुक देश. तिथून काय येणार!

तिसऱ्या भेटीला त्यांच्या पत्नी बरोबर होत्या. वजन करताना त्या सहज म्हणाल्या, "तिथे यांनी मुलाच्या अंगणात लिंबाचं झाड लावायला दोन दिवस खड्डा खणला, तेव्हापासूनच अंग मोडून आलं होतं. पायावर लाल गाठीपण आल्या होत्या, अ‍ॅलर्जी म्हणून सोडून दिलं." मी पेन खाली ठेवलं. ब्रॉन्कोस्कोपीतून, म्हणजे श्वासनळीत दुर्बीण घालून, फुप्फुसाचा तुकडा घेतला, आणि पॅथॉलॉजीच्या मॅडमनी फोन करून सांगितलं की टीबी नाही, बीजांनी भरलेले मोठे गोल दाणे दिसताहेत. एकेटी बंद केली, फ्लुकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध सुरू केलं, वर्षभर चाललं. आज ते ठणठणीत आहेत. परवा सराफ्यात भेटले, भुट्टे का किस खात होते.

या गोष्टीतून तुमच्या कामाचं तीन जागी आहे. पहिली, दिसायला हा आजार टीबीचा जुळा भाऊ आहे, आणि तुम्हाला टीबी होऊन गेलाय, म्हणजे तुमच्या बाबतीत डॉक्टरांचा संशय आणखी पक्का होणार. दुसरी, एकेटीमधलं रिफाम्पिसिन फ्लुकोनॅझोल आणि इट्राकोनॅझोल या बुरशीवरच्या दोन्ही औषधांची रक्तातली पातळी खाली आणतं. 'दोन्ही देऊन पाहू' हा उपाय म्हणूनच चालत नाही. एक ठरवावं लागतं. तिसरी तुमच्यापेक्षा लॅबसाठी. या बुरशीचं कल्चर, म्हणजे नमुन्यातून वाढवलेली बुरशी, साध्या बशीत काही दिवसांत उगवतं, आणि त्या बशीतलं रूप तेच असतं जे वाळवंटात उडतं. १९२९ चा तो विद्यार्थी आठवा. नमुना पाठवताना 'अ‍ॅरिझोनाचा प्रवास, व्हॅली फीव्हरचा संशय' असं चिठ्ठीवर लिहिलंच पाहिजे, नाहीतर तिथला टेक्निशियन विनाकारण आजारी पडेल.

आता घरातली माणसं. सर्वांत आधी वहिनी, कारण मला त्यांची जास्त काळजी आहे. मेथोट्रेक्सेट आणि ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन यांनी प्रतिकारशक्ती थोडी खाली येते, तेवढ्यासाठी प्रवास रद्द करायचं कारण नाही. पण 'इंजेक्शन' म्हणजे बहुधा बायोलॉजिक, प्रतिकारशक्तीच्या एखाद्या भागाला नेमकं रोखणारं औषध. त्यातल्या टीएनएफ हे दाह वाढवणारं प्रथिन रोखणाऱ्या औषधांवर, म्हणजे इन्फ्लिक्सिमॅब, अडालिमुमॅब वगैरेंवर, असलेल्या माणसात अशा बुरशा आणि टीबीही शरीरभर पसरण्याची भीती बरीच वाढते. निघायच्या महिनाभर आधी ते सुरू करून वाळवंटात सहा महिने राहायला जायचं, हे मला पटत नाही. संधिवाताच्या डॉक्टरांना तारखा दाखवा आणि विचारा की परत येईपर्यंत सध्याच्या औषधांवर निभेल का, किंवा दुसऱ्या प्रकारचं औषध चालेल का. निर्णय त्यांचाच असू दे. सांधे हट्टाने दुखत असताना औषध थांबवणं हाही तोटाच आहे. आणि परतल्यावर पुढे कधीही ते इंजेक्शन सुरू झालं तर 'मी अ‍ॅरिझोनात राहून आले' हे तेव्हाही सांगायचं. झोपलेली बुरशी प्रतिकारशक्ती दबली की उठू शकते. प्रेडनिसोलोन मात्र मनाने एकदम बंद करू नका, त्याने दुसराच घोटाळा होईल.

तुम्ही. मधुमेहात या बुरशीने फुप्फुसात पोकळी होण्याचं आणि आजार लांबण्याचं प्रमाण जास्त असतं, विशेषतः साखर मोकाट असेल तेव्हा. जाण्याआधी एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, करा. चुकून फ्लुकोनॅझोल घ्यायची वेळ आली आणि साखरेसाठी ग्लिमेपिराइड चालू असेल, तर दोन्हींच्या संगतीने साखर धाडकन खाली येऊ शकते. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफॅरिनचा परिणामही वाढतो. सगळ्या गोळ्यांची यादी खिशात ठेवा, मूळ औषधाच्या नावाने, कंपनीच्या नावाने नाही. इथलं ब्रँड नाव तिथल्या डॉक्टरला काही सांगणार नाही.

लेक. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आणि बाळंतपणानंतर लगेच हा आजार झाला तर तो पसरण्याची भीती इतरांपेक्षा जास्त असते, हे खरं. तरी तिला इंदूरला आणायचं नाही, असं माझं मत आहे. ती चार वर्षं तिथे राहते. कदाचित नकळत होऊनही गेला असेल. तिची डॉक्टर तिथली आहे, आणि हा आजार इंदूरच्या कोणत्याही डॉक्टरपेक्षा फिनिक्सच्या साध्या फॅमिली डॉक्टरला लवकर सुचतो. त्या पट्ट्यात रुग्णालयाबाहेर होणाऱ्या न्यूमोनियांपैकी १०० मध्ये १५ ते ३० या बुरशीचे निघतात, म्हणून त्यांच्या तपासण्यांच्या यादीत ती वरच असते. तिने एवढंच करायचं: खोकला-ताप आठवड्याहून जास्त टिकला तर 'गरोदरपणात असं होतंच' म्हणून बसून राहू नये. तिला औषध लागलंच तर ते कोणत्या महिन्यात कोणतं द्यायचं हे तिचे डॉक्टर ठरवतील. पहिल्या तीन महिन्यांत फ्लुकोनॅझोल टाळून अ‍ॅम्फोटेरिसिन देतात, पुढे पर्याय वाढतात. आईपासून बाळाला हा आजार जाणं फार विरळ. अंगावर पाजायला हरकत नाही. बाळाला पहिल्या दिवसांत वाऱ्यात काढायचं नाही असं आजी म्हणेलच. यावेळी आजीचं बरोबर आहे.

आणि मेथी. तुमचा बेत मोडवत नाही, कारण सहा महिने परदेशी घरात नुसतं बसून राहणं हाही एक आजारच आहे. पण मागच्या अंगणाची मूळ जमीन उकरू नका. मोठ्या कुंड्या घ्या, पिशवीतली तयार माती आणा, पिशवी उघड्यावर, तोंड लांब धरून उघडा आणि आधी पाणी शिंपडून मग हात घाला. तयार खतातही वेगळे जंतू असतात. जावयाने झाडासाठी खड्डा करायचाच म्हटलं तर माती आदल्या दिवशी भिजवून ठेवा, वाऱ्याच्या दिवशी नको, आणि खणणाऱ्याने एन-९५ घालायचा. आपला सुती रुमाल किंवा निळा सर्जिकल मास्क एवढ्या बारीक कणांना पुरत नाही. तुम्ही आणि वहिनी तेव्हा घरात, खिडक्या बंद. गाडीतून जाताना धूळ उठली तर काचा वर आणि एसीची हवा आतल्या आत फिरती ठेवा. बस. चोवीस तास मास्क लावून बसायची गरज नाही. ग्रँड कॅन्यन बघायला जाणार असाल तर खुशाल जा.

जाता जाता आपल्या मातीचंही सांगतो, कारण तुमच्या जुन्या टीबीमुळे ते तुम्हाला अमेरिकेइतकंच लागू आहे. कॉक्सिडिऑइड्स मालव्यात नाही, पण अ‍ॅस्परजिलस आहे, आणि ती बुरशी जगात सगळीकडेच आहे: सडक्या पानांत, भुशात, दमट धान्यात. निरोगी माणूस तिचे कण रोज नाकात घेतो आणि काही होत नाही. टीबी बरा होऊन मागे पोकळी राहिलेली असेल तर मात्र ती तिथे घर करते, गोळा बनवते, आणि माणूस एक दिवस खोकल्यातून रक्त टाकतो. पुन्हा टीबी समजून पुन्हा एकेटी! हे रुग्ण मी चार नाही, शेकड्याने पाहिलेत. सोयाबीन काढताना ऑक्टोबरात आणि गहू काढताना मार्च-एप्रिलमध्ये, थ्रेशरच्या धुळीत उभं राहिलेले दमेकरी आणि जुने टीबीवाले माझ्या ओपीडीत रांग लावतात. तुम्ही मार्चमध्ये परताल आणि गावी शेत असेल तर खळ्यावर जाऊ नका. हिशोब घरी बसून करा.

निघण्याआधी माझ्याकडे किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे एक छातीचा एक्स-रे काढा. आज तुम्हाला काही होतंय म्हणून नव्हे, तर तुमचा जुना टीबीचा डाग कुठे आणि केवढा आहे हे नोंदलेलं असावं म्हणून. फोटो मोबाइलमध्ये ठेवा, लेकीलाही पाठवा. उद्या तिथे किंवा इथे नवा फोटो निघाला तर दोन्ही शेजारी ठेवून डॉक्टर अर्ध्या मिनिटात सांगेल की डाग जुना की नवा. हा फोटो नसल्यामुळे माणसांना सीटी, सुया, महिने सगळं भोगावं लागतं.

तिथे असताना खोकला-ताप आठवड्यापलीकडे गेला तर तिथेच दाखवा आणि व्हॅली फीव्हरची अँटिबॉडी तपासणी स्वतः मागा. पहिल्या आठवड्यात ती निगेटिव्ह येऊ शकते, दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा करावी लागते. वहिनींच्या औषधांमुळे त्यांची तर फसवीही येऊ शकते. खर्चाला भिऊन 'इंदूरला जाऊनच बघू' म्हणू नका. ही तपासणी इथे कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये होत नाही, आणि प्रवासी विमा काढताना मधुमेह-संधिवात लपवला नसेल तर नव्या आजाराचा खर्च बहुधा मिळतो. पॉलिसी काढतानाच ते विचारून घ्या. परतल्यावर पहिल्या महिन्यात काही झालं, किंवा वर्षा-दोन वर्षांनी एक्स-रेत काही दिसलं, तर डॉक्टरांच्या टेबलावर फाइल ठेवण्याआधी तोंडाने सांगा: अ‍ॅरिझोनात सहा महिने होतो. 'अमेरिका' म्हणू नका, 'अ‍ॅरिझोना' म्हणा. न्यूयॉर्कला राहून आलेल्या माणसाला हा प्रश्न विचारायचं कारण पडत नाही.

आणि वहिनींना वृंदावनातली तुळस मातीसकट बॅगेत न्यायची असेल, तर राहू द्या. अमेरिकेच्या विमानतळावर परवान्याशिवाय माती आत घेऊ देत नाहीत. रोप डोळ्यांदेखत काढून घेतील.